हिरडा वेचणारे हात आणि वैद्यकाची वाट
गरजू विद्यार्थ्यांस आरोग्यसेवेच्या शिक्षणात साहाय्य : वैद्य व फार्मसीचालक यांचे कर्तव्य

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्याचे चार गुण सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ वेळा पाहिलेले कर्म, दक्षता आणि शुचिता. पहिला गुण ग्रंथ व गुरू यांच्याकडून मिळतो. तिसरा व चौथा हे स्वभावातून आणि संस्कारातून येतात. दुसरा गुण, म्हणजे दृष्टकर्मता, मात्र सर्वस्वी संधीवर अवलंबून आहे. ज्यास कर्म पाहावयास मिळते, त्यासच ती लाभते.

वैद्याच्या घरात वाढणाऱ्या मुलास ही संधी न मागता मिळते. रुग्णाशी कसे बोलावे, पथ्य सांगताना कोठे आग्रह धरावा व कोठे सैल सोडावे, हे जेवणाच्या पंक्तीत त्याच्या कानावर पडत असते. प्रवेशाचा अर्ज केव्हा भरावा, कोणते महाविद्यालय बरे, पहिल्या वर्षी एखादा विषय राहिला तरी आभाळ कोसळत नाही, हे त्यास कोणी मुद्दाम सांगावे लागत नाही. याउलट ज्या घरातील कोणी १० वीच्या पुढे गेलेले नाही, त्या घरातील मुलास बुद्धी असते, जिद्द असते, पुष्कळदा शासकीय शिष्यवृत्तीचा अधिकारही असतो. परंतु वैद्यकाचा व्यवसाय आतून कसा असतो हे त्याने पाहिलेले नसते, आणि ज्याने पाहिला आहे असा मनुष्य त्याच्या ओळखीचा नसतो. अशा विद्यार्थ्यांस पैशाइतकीच दृष्टकर्मतेची गरज आहे आणि ती देण्याचे सामर्थ्य आपल्या लहानशा दवाखान्यांत व फार्मसीत आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

हिरड्याचा हंगाम, परीक्षेचा हंगाम

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या उतारावर, महादेव कोळी व ठाकर समाजाची गावे आहेत. आम्ही काही वैद्य व फार्मसीचालक याच पट्ट्यात व्यवसाय करतो. येथील डोंगरांत हिरड्याची झाडे विपुल आहेत. आपल्या गंधर्वहरीतकीत पडणारा बाळहिरडा कोणाच्या हातून येतो, याचा विचार औषध घोटताना सहसा कोणी करीत नाही. आठळी धरण्यापूर्वीची कोवळी फळे उंच झाडांवर चढून काढावयाची, उन्हात वाळवावयाची, पोत्यांत भरून खाली आणावयाची आणि मग आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर अथवा व्यापाऱ्याच्या काट्यावर घालावयाची, हे काम घरातील लहानथोर सर्वांचे असते. भात खाण्यापुरते होते. वर्षाचा रोकड पैसा मुख्यतः हिरड्याचा.

हे काम उन्हाळ्यात, पावसापूर्वी उरकावे लागते. १२ वीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि नीट परीक्षा साधारणतः मेच्या पहिल्या रविवारी; २०२५ साली ती ४ मे रोजी झाली. म्हणजे शहरातील विद्यार्थी ज्या आठवड्यांत दिवसाचे दहा-बारा तास उजळणी करतो, त्याच आठवड्यांत आमच्या डोंगरातील विद्यार्थी झाडावर असतो. त्याने झाडावर जाऊ नये असे म्हणणे सोपे आहे. पण त्या पोत्यांवरच पुढील वर्षाचा प्रवासखर्च अवलंबून असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा या भागातील हिरड्याचे मोठे नुकसान झाले. त्या वर्षी कित्येक घरांत शिक्षणाचा विषय आपोआप मागे पडला.

या मुलांजवळ काहीच नसते, असे मात्र कोणी समजू नये. एका आश्रमशाळेत ९ वीच्या वर्गासमोर आम्ही काही वाळलेली द्रव्ये मांडली होती. एका मुलीने बाळहिरडा, चांभारी हिरडा व सुरवारी हिरडा हे तिन्ही क्षणात वेगळे केले आणि कोणता केव्हा काढतात तेही सांगितले. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे, की रानात शेळ्यामेंढ्या व गुरे राखणारे वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात. त्यांचा योग जाणणे ही पुढची पायरी होय. म्हणजे शास्त्राची पहिली पायरी ही मुलगी चढून बसलेली होती. पुढे काय व्हावयाचे आहे, असे विचारता ती म्हणाली, "नर्सबाई." कारण उपकेंद्रातील नर्सबाईंखेरीज आरोग्यसेवेतील दुसरे माणूस तिने जवळून पाहिलेच नव्हते. मनुष्य जे पाहतो, त्याचेच स्वप्न पाहू शकतो.

परंपरेचे दोन पदर

या विषयात परंपरेचा आधार घेताना प्रामाणिकपणे दोन्ही पदर उलगडावे लागतात. सुश्रुतसंहितेच्या शिष्योपनयनीय अध्यायात शिष्याचा अधिकार वर्णानुसार सांगितलेला आहे. शूद्रासही, मंत्र व उपनयन वगळून, शिकवावे हे तेथे काहींचे मत म्हणून आले आहे. विद्येचे दार एकेकाळी सर्वांस सारखे उघडे नव्हते, ही वस्तुस्थिती आहे. त्याच वेळी चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, शिष्य कसा असावा हे सांगताना बुद्धी, स्मृती, विनय, निर्लोभता व प्राणिमात्रांविषयी कळवळा असे गुण पुढे केले आहेत. आज आपण कोणता पदर हाती धरावयाचा, हे आपणच ठरवावयाचे आहे.

महाराष्ट्राने हा निर्णय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घेतला. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९०२ साली आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले. या दोघांनी ओळखलेली गोष्ट एकच होती : गरीब मुलास शाळेत नाव घालून भागत नाही, त्यास राहावयास जागा, दोन वेळचे जेवण आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारे एक वडीलधारे माणूस लागते. पहिल्या दोन गोष्टी आता बऱ्याच अंशी शासन पुरवते. तिसरी गोष्ट शासन पुरवू शकत नाही. ती समाजातील व्यावसायिकांनीच पुरवावयाची आहे.

दवाखान्यात बसण्याची रीत

९ वी ते १२ वी या वर्गांतील विद्यार्थ्यांस रविवारी अथवा सुट्टीच्या दिवशी दोन तास दवाखान्यात बसू द्यावे, हा आमच्या कामाचा पहिला भाग. हे दिसते तितके सोपे नाही. म्हणून आम्ही पाळत असलेले काही नियम येथे देत आहोत.

एक, रुग्णाची संमती. "हा विद्यार्थी आहे, बसला तर चालेल ना?" असे प्रत्येक रुग्णास विचारावे. रुग्ण नको म्हणाला, तर विद्यार्थ्याने बाहेर जावे. स्त्रीरुग्णाच्या तपासणीस मुलांना बसवू नये. पाहिलेले व ऐकलेले गावात सांगावयाचे नाही, ही शुचितेची पहिली शिकवण येथेच द्यावी.

दोन, विद्यार्थी म्हणजे बिनपगारी नोकर नव्हे. त्यास झाडलोट, चहा आणणे, पुड्या बांधणे अशा कामास लावू नये. चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवण्यास कायद्याने बंदी आहे आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांस धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. फार्मसीत भट्टी, पल्व्हरायझर व पारदाचे संस्कार जेथे चालतात, तेथे अठरा वर्षांखालील मुलांस दाराबाहेरच ठेवावे.

तीन, औषध देणे, सुई टोचणे, नाडी पाहून निदान सांगणे यांपैकी काहीही विद्यार्थ्याच्या हातून होता कामा नये. कंपाउंडर म्हणून चार वर्षे राहिलेला मनुष्य पुढे आपल्याच गावी दवाखाना थाटतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये नोंदणीवाचून असा व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. पदवीवाचून व्यवसाय नाही, हे विद्यार्थ्यास पहिल्या दिवशीच सांगून टाकावे.

चार, हातास काम द्यावे, पण ते शिकण्याचे असावे. सुश्रुताचार्यांनी छेदनादी कर्मांचा अभ्यास आधी कोहळा, दुधी भोपळा अशा फळांवर करावयास सांगितला आहे. त्याच न्यायाने विद्यार्थ्याने द्रव्ये ओळखावीत, तोलावीत, आपल्या सोबत्याची नाडी मिनिटात किती वेळा लागते ते मोजावे, उंची-वजनाची नोंद करावी, तापमापी वाचावी.

पाच, मुली असतील तर दोघी-तिघींनी मिळून यावे, पालकांची लेखी संमती असावी आणि शक्यतो वैद्य भगिनींच्या दवाखान्यात त्यांची सोय करावी.

सहा, प्रत्येकाने एक वही ठेवावी. त्या दिवशी पाहिलेल्या तीन गोष्टी व न कळलेली एक गोष्ट तीत लिहावी. पुढल्या वेळी आधी त्या न कळलेल्या गोष्टीवर बोलावे, मग दवाखाना सुरू करावा. एका मुलाने लिहिले होते, "वैद्य रुग्णाला आधी बसा म्हणतात, मग नाव विचारतात. तालुक्याच्या कचेरीत आधी नाव विचारतात आणि उभेच ठेवतात." अशा वह्या वाचताना आपलाच व्यवसाय आपणांस नव्याने दिसतो.

कागदपत्रांचा डोंगर

आमच्या अनुभवात जितके विद्यार्थी गुणांअभावी मागे राहिले, त्याहून अधिक कागदांअभावी राहिले. आयुर्वेदाच्या पदवी प्रवेशासाठी २०१८ पासून नीट परीक्षा अनिवार्य आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विषयांत १२ वीस ५० टक्के, आणि राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण लागतात. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते. आश्रमशाळेतील मुलांस हा मोठा आधार वाटतो, परंतु येथे एक अडचण आहे. १० वीपर्यंत मराठीत शिकलेला विद्यार्थी ११ वी विज्ञान शाखेत जातो, तेव्हा पुस्तके इंग्रजी असतात. दोन वर्षे इंग्रजी शब्दांशी झगडून झाल्यावर परीक्षेत मराठी पारिभाषिक शब्द समोर आले, की तो दोन्हीकडून अडतो. यास्तव ११ वीच्या आरंभीच प्रश्नपत्रिकेची भाषा निश्चित करून, दोन्ही भाषांतील संज्ञांची वही त्याच्याकडून करवून घ्यावी.

दुसरी गोष्ट जात वैधता प्रमाणपत्राची. तहसील वा प्रांत कचेरीतून जातीचा दाखला मिळाला म्हणजे काम झाले, असे पालक समजतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जुन्या महसुली कागदांतील नोंद, शोधावी लागते. ज्या घरात पणजोबा शाळेतच गेले नाहीत, तेथे हा शोध महिनोन्महिने चालतो. म्हणून ११ वीत प्रवेश होताच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत हा अर्ज करावा. वैद्याचा गावोगावच्या तलाठ्याशी, शिक्षकांशी, ग्रामसेवकांशी परिचय असतो. आपला एक दूरध्वनी येथे विद्यार्थ्याच्या दहा हेलपाट्यांचे काम करतो.

तिसरी गोष्ट प्रवेशफेरीची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. शासनाच्या बहुतेक शुल्कसवलती केंद्रीभूत प्रवेशफेरीतून झालेल्या प्रवेशासच लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, की त्या हातच्या जातात. आमच्या भागातील एका कुटुंबास हे ठाऊक नव्हते. प्रवेश करून देतो म्हणून दारी आलेल्या मध्यस्थाच्या शब्दावर विसंबून त्यांनी एका खाजगी महाविद्यालयात मुलाचा व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला. वडिलांनी त्यासाठी भाताचे खाचर विकले. शिष्यवृत्ती मिळणार नाही हे पुढे कळले आणि दुसऱ्या वर्षाचे शुल्क भरता न आल्याने मुलगा घरी परतला. आता तो मंचरच्या बाजारात हमाली करतो. त्याचे नीटचे गुण पुढल्या फेरीपर्यंत थांबण्याजोगे होते. ते सांगणारे कोणी त्या घरापर्यंत पोहोचले नाही, आणि खाचर गेले ते गेलेच.

सवलती पुष्कळ आहेत. त्या ठाऊक मात्र असाव्या लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांस पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांस डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून निवास-भोजनासाठी रक्कम थेट बँक खात्यात मिळते. इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्त समाजाच्या विद्यार्थ्यांस महाज्योती ही शासकीय संस्था नीटचे विनामूल्य प्रशिक्षण देते. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत लागू झाली आहे. एवढा मजकूर एका कागदावर छापून दवाखान्याच्या भिंतीवर लावला, तरी त्याचा उपयोग होतो. आम्ही तो औषधांच्या दरपत्रकाशेजारीच लावला आहे.

पहिल्या वर्षाचा घाट

प्रवेश मिळाला म्हणजे मार्गदर्शकाचे काम संपले, असा समज आहे. वास्तविक विद्यार्थ्यास सर्वाधिक आधार लागतो तो पहिल्या अठरा महिन्यांत. राष्ट्रीय भारतीय चिकित्सापद्धती आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार बी.ए.एम.एस.ची तीन व्यावसायिक सत्रे प्रत्येकी अठरा महिन्यांची असून त्यापुढे एक वर्षाची आंतरवासिता असते. पहिल्या सत्रातच संस्कृत, पदार्थविज्ञान, रचनाशारीर, क्रियाशारीर व संहिता अध्ययन असे सर्व एकदम अंगावर येते. ज्याने शाळेत संस्कृत घेतलेले नाही, त्यास सूत्रांचा अन्वय लागत नाही आणि रचनाशारीरातील इंग्रजी जिभेवर बसत नाही. शेजारच्या बाकावरील वैद्यपुत्र मात्र श्लोक म्हणतच आलेला असतो. येथे विद्यार्थ्याची समजूत अशी होते, की आपणच मुळात कमी आहोत.

यावर उपाय साधे आहेत. निकाल लागल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंतच्या काळात विद्यार्थ्याकडून शब्दरूपे, धातुरूपे व संधी यांची तयारी करून घ्यावी. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानाचे आरंभीचे अध्याय गर्दे यांच्या सार्थ वाग्भटावरून त्याच्यासह वाचावेत. आपल्या कपाटातील जुनी पुस्तके त्यास वापरावयास द्यावीत. महाविद्यालय सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा दूरध्वनी करावा आणि "अभ्यास कसा चालला आहे?" याआधी "जेवतोस कोठे?" हे विचारावे. बहुतेक अडचणी त्या उत्तरातच सापडतात.

आमच्या परिसरातील एक मुलगा, ज्याने लहानपणी गुरे राखली, बी.ए.एम.एस.ला गेला. शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, पण रक्कम आलेली नव्हती. महाविद्यालयाने शुल्काची थकबाकी भरल्यावाचून परीक्षेचा अर्ज घेण्यास नकार दिला. मुदतीस चार दिवस होते. त्याने वडिलांस काही कळवले नाही. पिशवी भरली आणि गावची एस.टी. पकडली. आठवड्याच्या दूरध्वनीस त्याने उत्तर दिले नाही, म्हणून आमच्यातील एका वैद्यांनी वसतिगृहातील त्याच्या मित्रास विचारले, तेव्हा हा प्रकार उघड झाला. दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून रक्कम भरली आणि तो परत गेला. शिष्यवृत्ती आल्यावर त्याने ती रक्कम स्वतः आणून दिली. आज तो आंतरवासिता करीत आहे. विद्यार्थी व पदवी यांच्यामध्ये त्या दिवशी उभी होती ती केवळ चार दिवसांची उसनवार.

याहून कठीण एक गोष्ट आहे आणि तिचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याची तक्रार कुटुंबीयांनी केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. बुद्धी, परिश्रम व पदवी हे सर्व पदरी असूनही माणूस एकाकी पडू शकतो, हे त्या घटनेने दाखवले. आपला विद्यार्थी दूरध्वनीवर कमी बोलू लागला, सुट्टीत घरी येईनासा झाला, तर ते लक्षण समजून त्वरित त्यास प्रत्यक्ष भेटावे. अपमानाची तक्रार त्याने केली, तर "दुर्लक्ष कर" असे सांगू नये. लेखी तक्रार करण्यास त्याच्यासोबत आपण स्वतः जावे.

केवळ बी.ए.एम.एस. नव्हे

आपल्या शास्त्रात विद्यार्थी यावेत, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या घराची स्थिती आधी पाहावी. बी.ए.एम.एस.ला साडेपाच वर्षे लागतात आणि त्यानंतरही स्वतःचा दवाखाना चालू लागेपर्यंत काही काळ जातो. ज्या घरास दोन-तीन वर्षांत मिळकत हवी आहे, तेथे इतर वाटाही सांगाव्यात. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. ए.एन.एम.ला विज्ञान शाखाच हवी असे नाही. डी.फार्म. दोन वर्षांचा असून त्यानंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, पंचकर्म साहाय्यक या वाटाही आहेत.

हिरड्याचे तीन प्रकार सांगणाऱ्या ज्या मुलीचा उल्लेख वर आला, तिने दोन वर्षे आमच्या वैद्य भगिनींचा दवाखाना पाहिला, एकदा उपजिल्हा रुग्णालयही पाहिले, आणि अखेर बी.एस्सी. नर्सिंगच निवडले. आमच्यापैकी काहींस थोडी हळहळ वाटली, हे खरे. पण ९ वीत "नर्सबाई" म्हणताना तिच्यापुढे एकच वाट होती. १२ वीत तेच उत्तर देताना चार वाटा होत्या आणि तिने त्यांतून एक निवडली. तिच्या आईस तिने कारण असे सांगितले, की रात्रभर रोग्यापाशी जे माणूस थांबते ते तिला व्हावयाचे आहे. यावर आपण काय बोलणार?

फार्मसीचालकांस विनंती

फार्मसीचालकांचे स्थान या कामी वैद्यांहूनही महत्त्वाचे आहे, कारण त्यांचा या डोंगरांशी व्यापाराचा संबंध आहे. जेथून आपले द्रव्य येते, तेथील दोन-तीन मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देणे हा दानधर्म न मानता कच्च्या मालाच्या मूल्याचाच एक भाग मानावा. प्रत्यक्षात पुढील गोष्टी करता येतील.

हिरडा, बेहडा, गुळवेल, कुडा यांची खरेदी शक्य तेथे गोळा करणाऱ्यांच्या गटाकडून थेट करावी व काट्यावरच रोख द्यावी. शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंत विद्यार्थ्यांस बिनव्याजी रक्कम देता यावी, असा लहानसा निधी तालुक्यातील चार-पाच फार्मसीचालकांनी मिळून ठेवावा. ती रक्कम परत येते आणि पुन्हा दुसऱ्याच्या उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. नीटच्या वर्षी एप्रिल महिन्यात विद्यार्थ्यास तालुक्याच्या गावी राहून अभ्यास करता यावा, म्हणून फार्मसीची एखादी खोली रात्रीच्या अभ्यासासाठी उघडावी आणि त्याच्या घरी हिरडा उतरवण्यास माणूस कमी पडत असेल, तर एका मजुराची त्या महिन्याची मजुरी द्यावी. आम्ही दोन उन्हाळे हे केले. खर्च होतो तो एका साध्या जाहिरातीच्या खर्चाहून कमी.

गुणवत्तेच्या दृष्टीनेही यात फार्मसीचा लाभ आहे. ज्या घरातील मूल द्रव्यगुण अथवा औषधनिर्माणशास्त्र शिकते, त्या घरातील हिरडा नीट वाळतो, त्यास बुरशी लागत नाही, त्यात भेसळ होत नाही. द्रव्य ज्या मातीतून येते त्या मातीतलाच जाणकार तयार होणे, याहून खात्रीचे प्रमाणीकरण कोणते?

काही आक्षेप

"शासन इतके करते, मग आम्ही कशाला?" असा प्रश्न काही वैद्यबंधू करतात. शासन योजना देते. योजनेपर्यंत हात धरून नेणारे माणूस देत नाही. "आम्हांस वेळ नाही," असे दुसरे म्हणतात. दोन रविवारी मिळून चार तास व आठवड्याचा एक दूरध्वनी, एवढाच हा वेळ आहे. "शिकून ही मुले शहरातच राहतात, डोंगरास काय लाभ?" असा तिसरा आक्षेप येतो. आपल्या स्वतःच्या मुलांस हा प्रश्न आपण विचारत नाही, हे प्रथम ध्यानी घ्यावे. शिवाय ज्या गावातून एक विद्यार्थी जातो, त्या गावात पुढल्या वर्षी अर्ज कसा भरावयाचा हे विचारावयास दुसरे घर सापडते. या बाबतीत तरुण आपल्या पुढे आहेत. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी २०१५ साली लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट हा उपक्रम सुरू करून ग्रामीण व आदिवासी मुलांस नीटसाठी विनामूल्य शिकवण्यास आरंभ केला. ज्यांचे स्वतःचे शिक्षण चालू होते त्यांस हे जमले, तर स्थिरस्थावर झालेल्या आपणांस का जमू नये?

नव्या शैक्षणिक वर्षात संघटनेच्या प्रत्येक तालुका शाखेने एवढेच करावे : जवळची एक आश्रमशाळा अथवा जिल्हा परिषदेची शाळा निवडावी, तेथील ९ वी व ११ वीतील मिळून चार विद्यार्थी मुख्याध्यापकांच्या सल्ल्याने घ्यावेत आणि प्रत्येकामागे एक वैद्य व एक फार्मसीचालक अशी जोडी नेमावी. वैद्याने दवाखाना दाखवावा व कागदपत्रे पाहावीत. फार्मसीचालकाने प्रवास, पुस्तके व उसनवार पाहावी. विद्यार्थ्याची आंतरवासिता अथवा प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत जोडी बदलू नये. चारच विद्यार्थी घ्यावेत, पण मध्येच सोडू नयेत. तीन महिन्यांनी शाखेच्या सभेत त्या चौघांची नावे घेऊन कोण कोठे पोहोचला हे सांगावे. ११ वीतील विद्यार्थ्यांच्या जात वैधतेचे अर्ज मात्र पहिल्याच महिन्यात करून घ्यावेत, कारण तो कागद वेळेवर आला नाही, तर पुढचे सर्व श्रम वाया जातात.